पाणी किती फुटांवर? महासत्तांच्या भांडणातली धोक्याची पातळी

लग्नाचा बस्ता म्हटलं की कोल्हापूरकरांचे पाय शेजारच्या गांधीनगरकडे वळतात. भाचीच्या लग्नासाठी आम्हीही गेलो होतो. गादीवर बसून साड्या बघणं चाललं होतं, दुकानदार एकामागून एक घडी मोडत होता, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर कुठल्याशा चॅनलचा निवेदक घसा ताणून विचारत होता, तिसऱ्या महायुद्धाला तोंड फुटणार का? भाचीनं हातातला पदर खाली ठेवला. "मावशी, तू कॉलेजात हेच शिकवतीस की. खरंच होणार काय गं?"

मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला वर्गात विचारतात, रिक्षात विचारतात, दळण आणायला गेले की गिरणीतही विचारतात. त्या दिवशी दुकानात बसून दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. सुरुवात गांधीनगरपासूनच करते. महासत्तांच्या भांडणाशी आपला काय संबंध, हे त्या जागेइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

१९४३ साली वळिवडे गावाजवळच्या या माळावर एक छावणी उभी राहिली. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च. सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथं राहत होती, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. पुढे ती गेली. फाळणीनं सिंधमधून उखडलेली कुटुंबं त्याच जागेवर आली आणि त्यांनी कष्टानं कापडाची बाजारपेठ उभी केली. आज आपण साडी घ्यायला जातो ती ही जागा.

पोलंड कुठं आणि वळिवडे कुठं? २३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्कोत जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्याला एक गुप्त जोडपत्र होतं आणि त्यात दोघांनी पोलंड आपसात वाटून घेतला होता. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून हिटलरचं सैन्य घुसलं, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनचं. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला मित्रांची गरज पडली आणि या कैद्यांची सुटका झाली. उपाशी, आजारी माणसं इराणमार्गे बाहेर पडली. त्यातली काही जामनगरजवळ बालाचडीला पोचली, काही पंचगंगेच्या काठी. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. तिकडे वॉर्सॉतही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं जाऊन फुलं वाहिली.

दोन महासत्तांनी एका टेबलावर नकाशा पसरला आणि त्यातून एखाद्या पोलिश शाळकरी मुलीला चार वर्षांनी वळिवड्याच्या माळावर यावं लागलं. हे उदाहरण मी मुद्दाम आधी घेतलं. पुढे मी महासत्तांनी एकमेकांशी बोलत राहावं, असं वारंवार म्हणणार आहे. पण दोन मोठ्यांनी तिसऱ्याच्या पाठीमागे केलेलं बोलणं कसलं असतं, हेही डोळ्यांसमोर असू द्या.

वर पाटील नाही

शेताच्या बांधावरून वाद होतो तेव्हा काय घडतं बघा. एकानं चोरीच्या भीतीनं कुंपण घातलं, दोन गडी राखणीला ठेवले. शेजाऱ्याला वाटतं, हा आता बांध कोरणार. तो चार गडी ठेवतो. ते बघून पहिल्याची खात्रीच पटते की याच्या मनात काळंबेरं आहे. दोघांनाही आपलंच रान राखायचं असतं, पण सहा महिन्यांत काठ्या बाहेर येतात. राज्यशास्त्रात याला सुरक्षेचा पेच म्हणतात: माझी सुरक्षितता वाढवायला मी जे करतो, त्यानंच तुझी भीती वाढते.

गावात निदान मोजणी मागवता येते. तलाठी आहे, तहसीलदार आहे, कोर्ट आहे. उशीर होईल, पण दाद मागायला जागा आहे. देशांच्या वर असं कुणी नाही. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद आहे, पण तिथं अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाचांना नकाराधिकार आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर सैन्य घातलं, दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला आणि रशियाच्याच नकाराधिकारानं तो पडला. ज्याच्यावर फिर्याद, तोच पंच.

वर कुणी नाही म्हणून मग देश मित्र जोडतात. माझ्या मित्रावर हात टाकलास तर मी उतरेन, असा शब्द देतात. नाटो ही १९४९ सालची संघटना याच शब्दावर उभी आहे. तिच्या पाचव्या कलमात एकावरचा हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानला आहे. आज तिचे ३२ सभासद आहेत. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये, म्हणजे युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर आत आले. रशियाचं म्हणणं, नाटो दारापर्यंत आली म्हणून आम्हाला धोका. शेजाऱ्यांचं म्हणणं, रशियाच्या धोक्यामुळेच आम्ही नाटोत गेलो. पेच तोच. पण सुरक्षेचा पेच समजून घेणं वेगळं आणि हल्लेखोराचा दोष पुसणं वेगळं. हल्ला रशियानं केला, ही गोष्ट कुठल्याही सिद्धांतानं बदलत नाही.

मैत्रीच्या अशा शब्दांची साखळी कशी ओढली जाते, ते १९१४ मध्ये दिसलं. २८ जूनला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिनाभरानं ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं, सर्बियासाठी रशियानं सैन्य जमवायला घेतलं, म्हणून १ ऑगस्टला जर्मनी रशियावर, ३ ऑगस्टला फ्रान्सवर, आणि ४ ऑगस्टला ब्रिटन जर्मनीवर. आठवडाभरात सगळं युरोप पेटलं. रेल्वेनं लाखो सैनिक सरहद्दीवर न्यायचे आराखडे आधीच ठरलेले होते. एकदा गाड्या सुटल्यावर मधेच थांबायचं कसं, याची तयारी कुणाकडं नव्हती. या युद्धात १३ लाखांवर भारतीय गेले आणि ७४ हजारांवर परतले नाहीत. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा पलटणी लढल्या. आपल्याकडच्या कितीतरी गावांत त्या महायुद्धाला गेलेल्या माणसांच्या संख्येचा दगड अजून भिंतीत बसवलेला दिसतो. सारायेव्हो कुठं आहे, हे त्या माणसांपैकी कुणाला ठाऊक असेल?

२७ ऑक्टोबर १९६२

मला वर्गात एकच तास मिळणार असेल तर मी हा दिवस शिकवते.

सोव्हिएत रशियानं अमेरिकेच्या दारातल्या क्युबा बेटावर गुपचूप अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं नेऊन ठेवली. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या टेहळणी विमानानं त्यांचे फोटो काढले. अध्यक्ष केनेडींचे सेनापती म्हणत होते, बॉम्ब टाका. केनेडींनी बेटाभोवती नौदलाचा वेढा घातला. रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला, पण एक पत्र पोचून, उलगडून, भाषांतर होऊन टेबलावर यायला तासन्‌तास लागत होते.

२७ तारखेला, शनिवारी, एकाच दिवशी तीन गोष्टी घडल्या. क्युबावर अमेरिकेचं विमान पाडलं गेलं आणि वैमानिक ठार झाला. ते पाडायचा हुकूम मॉस्कोहून आलेला नव्हता. दुसरं एक अमेरिकन विमान उत्तर ध्रुवाकडं वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि रशियन लढाऊ विमानं त्याच्या मागं निघाली. तिसरी गोष्ट जगाला कळायला चाळीस वर्षं गेली.

क्युबाजवळ पाण्याखाली बी-५९ नावाची रशियन पाणबुडी होती. तिच्यावर अण्वस्त्र बसवलेला एक टॉर्पेडो होता. वरून अमेरिकन जहाजं सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकत होती. बुडवण्यासाठी नव्हे, वर या असं सांगण्यासाठी. या खुणेचा अर्थ अमेरिकेनं मॉस्कोला आधी कळवला होता, पण तो पाणबुडीपर्यंत पोचलाच नव्हता. आत उकाडा असह्य, हवा संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. कप्तानाला वाटलं, वर युद्ध सुरू झालंय. त्यानं टॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं. त्याच पाणबुडीवर वासिली अर्खिपोव्ह नावाचा अधिकारी होता. तो नाही म्हणाला. समजूत घालून त्यानं कप्तानाला शांत केलं आणि पाणबुडी वर आली.

केनेडींना युद्ध नको होतं. ख्रुश्चेव्हना नको होतं. तरी त्या शनिवारी युद्ध सुरू होणं न होणं समुद्राखालच्या एका पत्र्याच्या डब्यातल्या माणसाच्या शांत डोक्यावर येऊन ठेपलं होतं. "युद्ध कुणालाच परवडणारं नाही, मग ते होईलच कसं," असं लोक सहज म्हणतात. मला ते पटत नाही, त्याचं कारण हा शनिवार.

दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रं मागं घ्यायचं जाहीर केलं. बदल्यात क्युबावर हल्ला न करण्याचं वचन मिळालं, आणि तुर्कस्तानातली अमेरिकेची क्षेपणास्त्रं काढून घ्यायचंही गुपचूप ठरलं. दोघांनाही आपापल्या लोकांसमोर तोंड दाखवायला जागा राहिली. समोरच्याला भिंतीशी दाबायचं नाही, मागं सरकायला एक वाट मोकळी ठेवायची, हे मुत्सद्देगिरीतलं सगळ्यात अवघड काम आहे आणि टाळ्या त्याला सगळ्यात कमी पडतात.

तेव्हाच इकडे काय चाललं होतं? २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं लडाख आणि ईशान्येत हल्ला केला होता. जगाचं लक्ष क्युबाकडं असताना आपले जवान थंडीच्या पुरेशा कपड्यांविना हिमालयात लढत होते. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण, आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' ही ओळ घराघरात पोचली. महासत्ता एकमेकांत गुंतलेल्या असतात तेव्हा बाकीच्यांच्या सरहद्दीही सैल होतात, हे त्या महिन्यानं आपल्याला फार महागात शिकवलं.

३९ आणि ४३

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, पाणी किती फुटांवर? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. आकडा सगळ्यांचा एकच असतो. चिखली-आंबेवाडीची माणसं त्या आकड्यावरून जनावरं हलवतात, दुकानदार माल वरच्या मजल्यावर नेतात. कुणाला आवडो न आवडो, पट्टी सगळ्यांना दिसते.

महासत्तांच्या संबंधात अशी पट्टी नाही, आणि माझ्या मते खरा धोका इथं आहे. प्रत्येकाच्या मनात आपली एक रेघ असते: इथपर्यंत सहन करू, याच्या पुढे नाही. पण ती रेघ समोरच्याला दिसत नाही. कधी ती लपवलेली असते, कधी मुद्दाम पुसट ठेवलेली असते.

तैवानचं बघा. चीन या बेटाला आपला भाग मानतो आणि गरज पडली तर बळ वापरू, असं त्यानं २००५ साली कायद्यातच लिहून ठेवलंय. अमेरिकेच्या १९७९ च्या कायद्यानुसार ती तैवानला स्वसंरक्षणाची शस्त्रं पुरवते, पण हल्ला झाला तर स्वतः लढायला उतरेल की नाही, हे मुद्दाम मोघम ठेवलेलं आहे. हेतू असा, की चीननं भीतीपोटी हल्ल्यापासून लांब राहावं आणि तैवाननंही अमेरिकेच्या भरवशावर एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करू नये. इतकी वर्षं हे चाललं. पण मोघमपणाचा उपयोग समोरचा सावध असेल तोवरच. "हे काही लढायला येणार नाहीत," असं एकदा कुणाच्या मनानं घेतलं की तीच पुसट रेघ सापळा होते.

आणखी एक गोष्ट, पुराच्या अनुभवामुळे आपल्याला चटकन समजेल अशी. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी तैवानला जाऊन आल्या आणि चीननं बेटाभोवती मोठा लष्करी सराव केला. तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्यानंतर असे सराव पुन्हापुन्हा झाले आणि आता त्यांची बातमी आतल्या पानावर येते. पाणी हळूहळू चढतं तेव्हा माणसाला त्याची सवय होते. आणि जितकी जास्त विमानं, जितकी जास्त जहाजं एकमेकांच्या जवळ, तितकी एखादी टक्कर होण्याची शक्यता जास्त. १ एप्रिल २००१ ला दक्षिण चीन समुद्रावर अशी टक्कर झालीच होती. चिनी वैमानिक मेला, अमेरिकेचं टेहळणी विमान कसंबसं चीनच्या हैनान बेटावर उतरलं, त्यातले २४ जण अकरा दिवस अडकून पडले. पत्रात खेद कुठल्या शब्दांत व्यक्त करायचा, यावर वाटाघाटी झाल्या. सुटले, कारण तेव्हा दोघांनाही ते मिटवायचं होतं.

फोन, यादी आणि दोन किलोमीटर

२०१९ च्या महापुरानंतर आपल्याला एक गोष्ट पुरती पटली: कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सुटतंय, हे दोन्ही राज्यांच्या इंजिनिअरांनी एकमेकांना रोज सांगितलं पाहिजे. वाद राहू दे, पण आकडा कळू दे. महासत्तांनीही क्युबानंतर हेच केलं. १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची सोय झाली. सिनेमात दाखवतात तसा तो लाल फोन नव्हता. ती टेलिप्रिंटरची, म्हणजे टाईप केलेला निरोप पोचवणारी लाईन होती, बोलण्याच्या भरात चुकीचा शब्द जाऊ नये म्हणून. १९६७ च्या अरब-इस्राएल युद्धात ती कामाला आली. अमेरिकेच्या एका जहाजावर हल्ला झाला, त्याचा तपास करायला विमानं पाठवताना अमेरिकेनं आधी मॉस्कोला कळवलं, की ही विमानं तुमच्यासाठी नाहीत. १९७२ मध्ये समुद्रावरच्या वागणुकीचा करार झाला: एकमेकांच्या जहाजांना किती जवळ जायचं, कुठल्या खुणा करायच्या. वाचायला ही कलमं रटाळ आहेत. त्या शनिवारी पाणबुडीपर्यंत जे पोचलं नव्हतं, तेच पोचवण्यासाठी ती आहेत.

आपल्याकडेही अशा गोष्टी आहेत आणि त्या लोकांना फारशा माहीत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. १९८८ साली भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर हल्ला झाला, पुलवामा आणि बालाकोट झालं. यादी चुकली नाही. १ जानेवारी २०२५ ची ती सलग चौतिसावी वेळ होती.

९ मार्च २०२२ ला आपलं एक क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळी चुकून सुटलं आणि पाकिस्तानात जाऊन पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, कुणी मेलं नाही. दोन दिवसांनी भारतानं चूक जाहीरपणे मान्य केली आणि पुढे चौकशीनंतर तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं. तणाव टोकाला असताना, मे २०२५ सारख्या दिवसांत, हेच घडलं असतं तर समोरच्यानं ती चूक मानली असती का? त्या मे महिन्यातही १० तारखेला दुपारी गोळीबार थांबायचं ठरलं ते दोन्ही लष्करांच्या कारवाई महासंचालकांमधल्या फोनवर. चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडत असताना ती लाईन चालू होती.

चीनबरोबर १९९६ चा करार आहे. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी चालवायची नाही, स्फोट करायचे नाहीत. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात झटापट झाली. दगड, काठ्या, खिळे ठोकलेले दांडके. आपले २० जवान हुतात्मा झाले. त्यांच्याकडं बंदुका होत्या, पण कराराच्या शिस्तीनं त्यांनी त्या झाडल्या नाहीत. या करारानं आपल्या जवानांचे हात बांधले, असं काही जण म्हणतात. त्यांचा राग मला समजतो. जवानांचं घर ज्या गावात आहे तिथं बसून हे तर्कशास्त्र सांगणं सोपं नाही. तरी त्या रात्री एक गोळी सुटली असती तर दोन अण्वस्त्रधारी देशांची भट्टी कुठवर पेटली असती, याचा अंदाज करवत नाही.

उलट उदाहरण फेब्रुवारी २०२३ चं. अमेरिकेनं आपल्या आकाशात आलेला चिनी फुगा पाडला आणि लगेच अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी चीनच्या मंत्र्यांना फोन लावायचा प्रयत्न केला. चीननं बोलायला नकार दिला. फुग्याच्या बातम्या आठवडाभर चालल्या. मला त्या बातम्यांत फुग्यापेक्षा न उचललेला फोन जास्त काळजीचा वाटला.

आज जगात बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत आणि त्यातली दहापैकी जवळपास नऊ अमेरिका आणि रशियाकडं आहेत. या दोघांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा शेवटचा मोठा करार, न्यू स्टार्ट, २०१० मध्ये झाला. वापरासाठी सज्ज ठेवलेली अण्वस्त्रं प्रत्येकी १,५५०, याहून जास्त नाहीत, आणि एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करायची. तपासणी २०२० मध्ये कोविडमुळे थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. २०२३ मध्ये रशियानं कराराचं पालन स्थगित केलं. मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती आणि ती एकदाच वाढवता येत होती; ती वाढ २०२१ मध्येच वापरून झाली होती. क्षेपणास्त्राला एका देशातून दुसऱ्या देशात पोचायला अर्धा तास लागतो, रंकाळ्याची एक फेरी पुरी व्हायच्या आत. सप्टेंबर १९८३ मध्ये रशियाच्या यंत्रणेनं अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं येताहेत असं दाखवलं होतं. ढगांवर पडलेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटला होता. ड्यूटीवरच्या स्टानिस्लाव्ह पेट्रोव्ह यांनी विचार केला, खरा हल्ला कुणी पाचच क्षेपणास्त्रांनी करील का? आणि वर कळवताना ते चुकीचा इशारा म्हणून कळवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि चीनच्या अध्यक्षांनी मान्य केलं, की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहील, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नाही. एवढी साधी गोष्ट, पण कागदावर आली याचा मला खरोखर आनंद झाला.

शिरोलीतली पेटी

हे सगळं दिल्ली-वॉशिंग्टनचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर माझ्या भावाचं सांगते. शिरोली एमआयडीसीत त्याचं छोटं मशिन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, तो मशिनिंग करून पंपाचे भाग युरोपला पाठवतो. माल ट्रकनं न्हावा शेवाला, तिथून तांबड्या समुद्रातून सुएझमार्गे पुढे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी गाझातल्या युद्धावरून तिथल्या जहाजांवर हल्ले सुरू केले. मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. दहा-बारा दिवस जास्त, भाडं भरमसाट.

मी त्याच्या शॉपवर गेले तेव्हा पोरं पेट्या पुन्हा उघडत होती. मशिनिंग केलेला चकचकीत पृष्ठभाग समुद्राच्या हवेत जास्त दिवस राहिला तर गंज धरतो. म्हणून प्रत्येक भागाला पुन्हा गंजरोधक तेलाचा हात, पुन्हा प्लास्टिकची जाड पिशवी, आत सिलिकाची पुडी, मग लाकडी पेटीला खिळे. भाऊ म्हणाला, "ताई, त्या हुथींचं नाव बी मी कधी ऐकलं नव्हतं. आमचं त्यांच्याशी काय वैर? पण पेमेंट माझंच अडकलंय." त्याच्या हप्त्याची तारीख मात्र बदलली नव्हती.

ही लांबची झळ. २०२२ मध्ये सूर्यफुलाचं तेल का कडाडलं? आपण ते मुख्यतः युक्रेन आणि रशियाकडून घेत होतो. तैवानचं पाणी तापलं तर काय होईल? जगातल्या सगळ्यात प्रगत चिप्सपैकी बहुतेक तिथंच बनतात. कोविडच्या काळात चिप्स मिळेनात तेव्हा गाड्यांचे कारखाने थांबले, आणि गाड्या थांबल्या की कास्टिंगची ऑर्डर थांबते. हे आपल्या उद्योजकांनी भोगलेलं आहे.

भारताचं धोरण या सगळ्यात कुणा एकाच्या दावणीला न बांधून घेण्याचं आहे. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर क्वाड या चौघांच्या गटात बसायचं, रशिया-चीनबरोबर ब्रिक्स या गटातही. सगळ्यांशी बोलता येतं, हा त्याचा फायदा. वेळ आल्यावर आपल्यासाठी कोण उभं राहील, ही त्याची काळजी. १९७१ मध्ये सोव्हिएत रशियाशी मैत्री करार केलेला होता, म्हणूनच बांगलादेशच्या युद्धात बंगालच्या उपसागरात अमेरिकेचं आरमार आलं तेव्हा आपल्या पाठीशी कुणीतरी होतं. हे धोरण मला पटतं, पण ते फुकट नाही. त्याच्यासाठी स्वतःचं बळ लागतं आणि प्रत्येक दाराशी राबता लागतो.

तेव्हा भाचीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. महायुद्ध होणार की नाही, हे टीव्हीवर ओरडणाऱ्यालाही माहीत नाही. पण पाणी चढतंय की उतरतंय, हे आपल्याला थोडंफार बघता येतं. कुठल्या देशाकडं किती रणगाडे, ही बातमी सोडून दिली तरी चालेल. लष्करांमधला फोन चालू आहे का, सरावाची आगाऊ सूचना दिली का, तपासणीला माणसं जाऊ देतात का, राजदूत परत बोलावले की परत पाठवले, कुठल्या कराराची मुदत कधी संपते, हे वाचावं. या बातम्या लहान असतात, कोपऱ्यात असतात, आणि त्यांना कुणी पार्श्वसंगीत लावत नाही.

हे मी तिला त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर सांगितलं, मांडीवर साड्यांच्या पिशव्या घेऊन. ती ऐकत होती की मेहंदीचा विचार करत होती, मला कळलं नाही. पुढे २ जानेवारीला सकाळी तिचा मेसेज आला. पेपराच्या आतल्या पानावरच्या चार ओळींच्या बातमीचा फोटो, आणि खाली लिहिलेलं: "मावशी, यादी दिली बघ दोघांनी."